घरच्या अंगणात गाडीचा रंग : विजेवरची स्वस्त स्प्रे गन कितपत कामाची?

गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे राबलेल्या मुलाच्या मनात एक दिवस येतेच की, आता आपले स्वतःचे काही तरी सुरू करावे. हातोडी-डॉली जवळ असते, पुट्टी ओढायचा हात बसलेला असतो, ओळखीची चार गिऱ्हाइकेही असतात. अडते ते कॉम्प्रेसरपाशी. कॉम्प्रेसर, गन, होज पाईप, हवेतले पाणी धरणारा फिल्टर आणि हे सर्व चालेल अशी विजेची जोडणी असा हिशेब मांडला की मुलगा गप्प होतो, आणि नेमका त्याच वेळी कुणी तरी व्याजी कर्जाची वाट दाखवतो. अशा वेळी दोन-चार हजारांच्या आसपास मिळणारी, सरळ प्लगला जोडायची स्प्रे गन हार्डवेअरच्या दुकानात दिसली की तिचा मोह पडणे साहजिक आहे. ही गन गाडीच्या रंगाला खरोखर उपयोगी आहे काय, हे आजच्या लेखात आपण पाहू.

आम्ही ही गन एका जुन्या मारुती ८०० वर वापरून पाहिली. गाडी आमच्या परिचिताची, साधा पांढरा रंग, जागोजागी उडालेला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, "गाडी विकायची आहे, फक्त चकचकीत करून द्या." या वाक्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

प्रथम या गनची रचना समजून घ्यावी. कॉम्प्रेसरची गन टाकीत साठवलेल्या हवेवर चालते आणि तिला साधारण ३० ते ५० पौंड दाब मिळतो. विजेच्या स्वस्त गनमध्ये टाकी नसते. एक छोटी मोटर पंखा फिरवते आणि तो पंखा भरपूर हवा पण अगदी थोड्या दाबाने, दोन-तीन पौंडांच्या घरात, पुढे ढकलतो. दाब कमी म्हणून रंगाचे कण मोठे पडतात. शिवाय या गन मुळात भिंती, दारे, कुंपण रंगवण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांचे नोझल बहुधा १.८ ते २.६ मिलिमीटरचे असते, तर गाडीच्या वरच्या हाताला १.३ किंवा १.४ चे नोझल लागते. कमी दाब आणि मोठे भोक यांचा परिणाम म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग. यात गनचा दोष नाही. तिच्या कुवतीबाहेरचे काम तिला सांगितले जाते, एवढेच.

म्हणून मेटॅलिक रंगाचे काम या गनवर कधीही घेऊ नये. त्यातील चंदेरी कण एकसारखे बसत नाहीत आणि पत्र्यावर पट्टे व ढग उमटतात. साधा रंग, प्राइमर, गाडीची खालची बाजू, जीपची बॉडी, टेम्पोचा हौदा, हातगाडी, कूलर, लोखंडी जाळ्या ही तिची कामे होत. यातूनही एका माणसाचा धंदा उभा राहू शकतो, हे विसरू नये.

आगीचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या गनच्या मोटरमध्ये बहुधा कार्बन ब्रश असतात आणि ब्रशजवळ ठिणग्या उडत असतात. पंखा हवा ओढतो ती आसपासचीच. आपण एनसी रंग मारत असू तर त्या हवेत थिनरची वाफ असते. थिनरमधील टोल्युइन ४ अंश सेल्सिअसला आणि अ‍ॅसिटोन तर उणे २० अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडे थंडीच्या पहाटेसुद्धा ही वाफ तयारच असते. पुष्कळ कंपन्या गनबरोबरच्या पुस्तिकेत २१ अंशांखाली पेट घेणारे द्रव वापरू नयेत असे छापतात. ती पुस्तिका खोक्यासकट फेकून दिली जाते ही गोष्ट निराळी.

काही गनमध्ये मोटर वेगळ्या डब्यात असते आणि लांब नळीने हवा येते. ती त्यातल्या त्यात बरी, पण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते आणि मोटरचा डबाही जमिनीवरच ठेवलेला असतो. तेव्हा तो डबा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर आणि उंचावर ठेवावा. शटर ओढून, धूळ येऊ नये म्हणून दार बंद करून ही गन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. घरालगतचे काम असेल तर स्वयंपाकाचा गॅस बंद करावा आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला जवळ उभे राहू देऊ नये.

यामुळेच आम्ही एनसी सोडून सिंथेटिक एनॅमल निवडला. तो मिनरल टर्पेंटाइनने पातळ होतो आणि ते साधारण ३५ अंशांच्या पुढे पेटण्यासारखी वाफ सोडते. मात्र मे महिन्यात विदर्भात सावलीतच ४२-४३ अंश असतात. तेथे ही सुरक्षितता उरत नाही. शिवाय फवारलेला रंग हा थेंबांचा धूर असतो, तो डब्यातल्या रंगापेक्षा लवकर पेटतो. उघडे अंगण, हलका वारा आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सकाळ, हीच या कामाची वेळ.

पत्र्याची तपासणी

रंगाचे काम नव्वद टक्के गन हातात घेण्यापूर्वी होते असे जुने उस्ताद सांगत, ते अगदी खरे आहे. आम्ही एक साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीवरून फिरवले. बॉनेट, दारे ठीक होती. डाव्या दाराखालच्या पट्टीवर मात्र चुंबक धरेना. वर रंग गुळगुळीत, आत पत्राच नाही! पुट्टी खरवडली तेव्हा खाली बोटभर जाडीचा थर आणि त्याच्यामागे दाबून भरलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला. आधीच्या कुणा कारागिराने गंजलेले भोक असे बुजवले होते.

वाचक बंधूंना धान्याच्या ढिगाची ती हदीस ठाऊकच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. दाराखालच्या त्या पट्टीत आमच्या हाताला तीच ओल लागली. फरक इतकाच की भिजलेल्या धान्याने कुणाचा जीव जात नाही. ही पट्टी गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे आणि धडक बसली तर आतल्या माणसाला तीच सांभाळते.

आम्ही मालकांना बोलावून ते भोक दाखवले. ते नाराज झाले. "मला विकायचीच आहे, पुन्हा पुट्टी भरून टाका," असे म्हणाले. आम्ही सांगितले की एक तर पत्रा जोडून घ्या, नाही तर घेणाऱ्याला हे दाखवून विका. बुजवून देणे आमच्याकडून होणार नाही. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही आणि हे काम गेले असेच आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी ते स्वतः गाडी वेल्डरकडे घेऊन गेले.

घासणे आणि भरणे

सोललेल्या जागी ८० नंबरच्या कागदाने गंज पूर्ण काढून चकाकणारा पत्रा दिसू द्यावा. त्यावर त्याच दिवशी प्राइमर मारावा. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत तर रात्र जाऊ देऊ नये, सकाळी पुन्हा तांबूस छटा आलेली असते. पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपास पुरतो, जास्त घातल्याने ती लवकर वाळते पण वरच्या रंगावर डाग उमटतो. ही पुट्टी पाणी पिते. म्हणून ती कोरडी घासावी, वॉटर पेपर प्राइमर चढल्यानंतर वापरावा. आपल्याकडे पुट्टीच पाण्याने घासायची सवय आहे आणि सहा महिन्यांनी फोड आले की दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. ८० नंतर १८०, मग ३२०, आणि वरच्या हातापूर्वी ४०० ते ६०० असा क्रम ठेवावा.

शेवटी पत्रा पुसताना हाताला तेल नसावे. आमच्या दारावर बशीएवढ्या जागेत रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटला. कारण शोधता शोधता कळले की मदतीला आलेल्या मुलाने डोक्यावरून फिरवलेला हात तेथे टेकवला होता.

रंग मारताना

रंग किती पातळ करावा यातच सारे कसब आहे. कारखान्यात बी-४ कपाने मोजतात आणि फवारणीसाठी १८ ते २२ सेकंद धरतात. गनबरोबर येणारा प्लास्टिकचा कप त्या मापाचा असेलच असे नाही, म्हणून ते आकडे त्याला लावू नयेत. पहिल्या वेळी आम्ही रंग जाड ठेवला, गन थुंकू लागली. मग घाबरून जास्त टर्पेंटाइन ओतले, तर दारावर ओघळ आले. ते वाळून घासण्यात एक दिवस गेला. तेव्हा एखादा जुना पत्रा उभा टेकवून त्यावर आधी मारून पाहावे, रंगाचे प्रमाण कागदावर लिहून ठेवावे आणि रंग बारीक कापडातून गाळून घ्यावा.

गन पत्र्यापासून वीतभर, सरळ आणि सारख्या अंतरावर फिरवावी. पट्टा सुरू होण्यापूर्वी चाप दाबावा, पट्टा संपल्यावर सोडावा, आणि दुसरा पट्टा पहिल्यावर निम्मा चढवावा. पहिला हात हलका, धुक्यासारखा. तो चिकटसर झाला की दुसरा हात ओला. एकाच हातात काम उरकण्याची घाई करणाऱ्याच्या दारावर ओघळ येणारच. या गनची हवा मोटरच्या उष्णतेने कोमट होते, त्यामुळे दुपारच्या उन्हात रंग पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतो आणि रवाळ बसतो. एनॅमलला वरून सुकायला कित्येक तास आणि कडक व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर अंगणातील धूळ हा शत्रू. जमिनीवर आधी पाणी शिंपडावे. उडणारा धूर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि त्याच्या गाडीवरही जातो. त्याला आधी सांगणे हा त्याचा हक्क आहे.

हार्डनर घालून मारायचा पीयू रंग मात्र घरी मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये हजारोंचा बळी घेणारा वायू मिथाइल आयसोसायनेट होता. हार्डनरमधले रसायन ते नव्हे, पण कूळ तेच. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे जरासा वास आला तरी छाती भरते. कित्येकांना हा व्यवसायच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला मुळीच अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. साध्या एनॅमलसाठीसुद्धा रसायनाची वाफ शोषणारा कार्ट्रिज मास्क घ्यावा, तो गनच्या किमतीतच धरावा.

हातमोज्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. एनॅमलचा थर कातडीवर आणि नखांवर बसला की वजूचे पाणी खाली पोहोचत नाही, म्हणून आपले कारागीर जुहरच्या आधी थिनरने हात चोळतात. कातडी फाटते, खाज सुटते. त्यापेक्षा पातळ रबरी मोजे घालावेत. तरीही डाग पडलाच तर काम संपल्यावर खोबरेल चोळून साबणाने धुवावे.

गिऱ्हाइकाला काय सांगावे

आमची मारुती पाच-सहा फुटांवरून चांगली दिसली. जवळ गेल्यावर पृष्ठभागाचा खडबडीतपणा जाणवत होता आणि कंपनीची झळाळी नव्हती. दर ठरवण्यापूर्वीच आम्ही नमुन्याचा रंगवलेला पत्रा मालकांच्या हातात दिला होता, त्यामुळे वाद झाला नाही. असा नमुना जवळ ठेवणे हा उत्तम उपाय आहे. दुसरे, एनॅमलवर पुढे कुणी एनसी रंग मारला तर खालचा थर सुरकुततो आणि सर्व खरवडावे लागते. बिलावर 'सिंथेटिक एनॅमल' असे स्वच्छ लिहून द्यावे. गिऱ्हाइकाला रंग बदलून हवा असेल तर आधी आरटीओ कार्यालयात पाठवावे, कारण आरसीवर रंगाची नोंद असते. आणि जीपवाले हौसेने लष्करी हिरवा रंग मागतात, तो तर देऊच नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच आहे.

पुढे काम वाढले की कॉम्प्रेसर लागेलच. त्यासाठी एखाद्या हार्डवेअर व्यापाऱ्याने भांडवल घालावे, कारागिराने मेहनत, आणि नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यावा, ही मुदारबतची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अट एवढीच की हिशेबाची वही दोघांना उघडी असावी आणि करार लेखी असावा. व्यापारी बंधूंनी याचा विचार करावा.

ती मारुती महिन्याभराने विकली गेली. मालकांनी पट्टीचे जोडकाम घेणाऱ्याला वाकून दाखवले. भाव अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला. गन आमच्याकडेच आहे, प्राइमर आणि जाळ्यांसाठी चालते. तिच्या मागच्या फिल्टरचा स्पंज दर कामानंतर धुऊन वाळवावा लागतो आणि नोझल त्याच संध्याकाळी टर्पेंटाइनमध्ये ठेवावे लागते. एनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात.