जिप्सीला कोणतं इंजिन बसवावं?

प्रश्न : माझ्या जुन्या जिप्सीचं ९७० सीसीचं इंजिन थकलं आहे. घाटात, चिखलात दम लागतो. डिझेल इंजिन बसवू का?

उत्तर : आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. बोअर झिजला असेल आणि ब्लॉक शाबूत असेल, तर बोअरिंग करून नवे पिस्टन घालणं सर्वांत स्वस्त.

ताकदच हवी असेल, तर जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन घ्या. शक्यतो त्याच्या गिअरबॉक्ससकट घ्या. ट्रान्सफर केस वेगळी असल्याने हे जमतं, फक्त मधला छोटा शाफ्ट मापाचा हवा. एस्टीमचं १.३ इंजिन सहज मिळतं, पण ते आडवं बसवलेलं असतं. त्याला जिप्सीचा ऑइल संप, मॅनिफोल्ड, माउंटिंग लागतात.

कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंधन इंजेक्शन), यात मी एमपीएफआयच्या बाजूने आहे. तीव्र चढावर कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि गाडी नेमकी अडचणीच्या जागी बंद पडते. मात्र एमपीएफआयसाठी ईसीयू, पूर्ण वायरिंग आणि इलेक्ट्रिक पंप एकाच गाडीतून घ्या. ईसीयू पाण्यापासून उंच ठेवा.

डिझेल नको. जड इंजिनाने गाडीचं नाक खाली जातं, आणि या हलक्या गाडीची खरी ताकद तिच्या कमी वजनातच आहे.

पैसे देण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या आणि इंजिनाचं बिल जपून ठेवा. बदलानंतर १४ दिवसांत आरसी बुकातल्या नोंदीसाठी आरटीओला कळवायला हवं.