औट घटकेच्या बादशहांची नाणी

हिमायतनगर, जि. नांदेड

चि. अनिकेत यास,


बंड करून गादी बळकावली आणि चार-सहा महिन्यांत संपले, अशा रोमन बादशहांची नाणी तू जमवणार, असं ताईने सांगितलं. छंद चांगला, पण लबाडांना मोकळं रान देणारा. दुसऱ्या डोमिशियनचंच बघ. त्याचं एक नाणं १९०० साली फ्रान्समध्ये मिळालं होतं, पण अनेक जाणकारांना ते बनावट वाटलं. २००३ मध्ये इंग्लंडात चालग्रोव्हला पुरलेल्या हंड्यात दुसरं निघालं, तेव्हा कुठे हा माणूस खरोखर गादीवर बसला होता हे पटलं. जाणकारांची ही गत, आणि तू मोबाइलवरचा फोटो बघून पैसे पाठवणार?

त्यापेक्षा आपल्या दख्खनकडे वळ. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आझमशहा याने तिथेच बादशाही जाहीर केली. शाहू महाराजांना सोडलं ते यानेच. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला तो मारला गेला. त्याच्या धाकट्या भावाने, कामबक्षने, विजापूर-हैदराबादेत आपल्या नावाची नाणी पाडली, त्यावरच्या फारसी ओळींत दख्खनचा उल्लेखही घातला, आणि जानेवारी १७०९ मध्ये तोही संपला. त्याच्यावर चालून आलेल्या थोरल्या भावाच्या, बहादूरशहाच्या, लष्कराबरोबरच गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले होते. इतका जवळचा इतिहास सोडून रोमला कशाला जातोस?

कारकीर्द आखूड असली की पारखायला बरं. आझम तख्तावर बसला तो १११८ हिजरीच्या बकरी ईदला, म्हणजे ते साल संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. पुढे १११९ मध्येच त्याचा खेळ आटोपला. कामबक्ष ११२० मध्ये गेला. यानंतरचं साल कुणी दाखवलं तर हसून उठ. साल दिसत नाही म्हणून मात्र नाणं खोटं ठरवू नकोस. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे निम्मा मजकूर बाहेरच राहतो. कधी टांकसाळीचं नावच कापलं जातं. म्हणून आधी फारसी अक्षरं आणि आकडे शीक. औरंगजेबाचा साधा रुपया स्वस्तात मिळतो, त्यावर डोळा बसव. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. चिंच लावून चकचकीत केलेलं नाणं घेऊ नकोस, घरीही घासू नकोस.

आणखी एक. ‘शेतात हंडा निघालाय, गुपचूप घ्या’ म्हणणारे आपल्या भागातही भेटतात. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. शिवाय हंडा फुटून नाणी चार हातांत गेली, की कशाबरोबर काय पुरलं होतं हे कायमचं कळेनासं होतं. तेव्हा पावती नसलेलं नाणं आझमशहाचं असलं तरी परत कर.

तुझा,
मामा