मुंबई ते काशी : हवाई अंतर व प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि वाराणसीजवळ बाबतपूर येथील लालबहादूर शास्त्री विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२५० किलोमीटर आहे. रेल्वेमार्ग इटारसी, जबलपूर असा वळसा घेत सुमारे दीड हजार किलोमीटर भरतो व त्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये विश्वनाथ मंदिर उभारले, त्या काळी दक्षिणेतून काशीयात्रा म्हणजे महिन्यांचा प्रवास होता. आज विमानामुळे काशी उंबरठ्यावर आली असे वाटते आणि तेथेच पुष्कळ भाविकांचे वेळापत्रक चुकते.

जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरल्यास हे अंतर दीड तासाचे होते. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेला आढळतो. हा वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीवरील रांग, चढाई, उतरण आणि ठरावीक हवाई मार्गांचे वळण हे सारे त्यात येते.

परतीचा वेळ बहुधा थोडा अधिक असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर १२५० किलोमीटर सुमारे ८१ मिनिटांत कापले जातात. तोच समोरून आला तर सुमारे १०३ मिनिटे लागतात.

आता घड्याळाविषयी. देशभर वेळ एकच असली तरी सूर्य एकच वेळ पाळत नाही. काशी मुंबईच्या पूर्वेस सुमारे १० रेखांश आहे आणि प्रत्येक रेखांशामागे ४ मिनिटे, म्हणजे ४० मिनिटांचे अंतर पडते. डिसेंबरात तर काशीचा सूर्यास्त सायंकाळी सव्वापाचच्या आत होतो, तर मुंबईचा सहा वाजून गेल्यावर. दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती सूर्यास्तानंतर होते. मुंबईच्या सवयीने ‘सातला पोहोचू’ म्हणणाऱ्यांना हिवाळ्यात आरती चुकण्याचा संभव असतो.

बाबतपूर ते घाट हे अंतर सुमारे २५ किलोमीटर असून शहरातील गर्दीमुळे त्यास तासाहून अधिक वेळ लागू शकतो. शेवटचा टप्पा गोदौलियापासून बहुधा पायीच करावा लागतो, हे वृद्धांना सोबत नेणाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावे. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे धरता, मुंबईतील घर ते गंगाकिनारा हा प्रवास सहा-सात तासांचा समजावा. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. तेव्हा तिकिटावर मुंबईचा कोणता विमानतळ नमूद आहे, हेही पाहावे.

अस्थिविसर्जन वा श्राद्धविधीसाठी जाणारी कुटुंबे पुष्कळदा सकाळी जाऊन रात्री परतण्याचा बेत आखतात. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात पहाटे दाट धुके पडते. धावपट्टी दिसेनाशी झाली की विमान मुंबईतच थांबवले जाते किंवा दुसऱ्या शहरी उतरवले जाते, आणि गुरुजींना दिलेली वेळ निघून जाते. या दोन महिन्यांत आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने जाऊन काशीत मुक्काम करावा व विधी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा. परतीचे तिकीटही त्याच दुपारचे न घेता सायंकाळचे किंवा पुढील दिवसाचे घ्यावे.