दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती : वरिष्ठ वर्गांसाठी एक पाठ

विजेचा पाठ बहुधा सूत्रापासून सुरू होतो आणि सूत्राशीच संपतो. ‘दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध’ हे मुले घडाघडा म्हणतात. परंतु घरच्या इस्त्रीचा रोध किती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. वास्तविक अहिल्यानगर शहरास लागून असलेल्या भिंगारसारख्या गावी या पाठाची सामग्री दाराशीच असते. दुकानातील इस्त्री, घरातील शेगडी, विहिरीवरील पंप, या प्रत्येकावर व्होल्ट आणि वॅट यांचे आकडे छापलेले असतात. ते आकडे मुलांनी वहीत उतरवून आणावेत आणि तेथूनच पाठास आरंभ व्हावा.

पाण्याच्या टाकीची उंची म्हणजे दाब, नळीतून ठराविक वेळात वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह आणि नळीचा अरुंदपणा म्हणजे रोध, ही उपमा शिक्षकांस परिचित आहेच. ती येथवरच वापरावी. अधिक ताणल्यास मुले विजेऐवजी पाण्याचाच विचार करीत बसतात.

या तिहींचा संबंध १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारा जॉर्ज ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळामास्तर होता, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध त्याच्याच नावाच्या ओहममध्ये मोजतात. दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. तिचे माप वॅट.

आता शेगडीचे उदाहरण घ्यावे. तिच्यावर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असे लिहिले आहे. १००० ला २३० ने भागल्यास प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर येतो. २३० ला ४.३५ ने भागल्यास रोध सुमारे ५३ ओहम. येथे एक चूक हमखास होते. ‘जास्त वॅटची वस्तू, म्हणून तिचा रोधही जास्त’ असे मुले धरून चालतात. जुन्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याचे गणित करून दाखवावे. प्रवाह केवळ ०.२६ अँपिअर, रोध मात्र सुमारे ८८० ओहम! दाब तोच असता ज्याचा रोध कमी, त्याची शक्ती अधिक.

पुष्कळ पंप एकदम चालू झाले की वाहिनीच्या टोकाकडील घरांत दाब उतरतो, हा खेड्यांतील अनुभव आहे. समजा तो १६० व्होल्टवर आला. शेगडीचा रोध फारसा बदलत नाही. म्हणून प्रवाह १६० भागिले ५३, म्हणजे सुमारे ३ अँपिअर, आणि शक्ती सुमारे ४८० वॅट. दाब तिसऱ्या हिश्श्याने उतरला, पण उष्णता निम्म्याहूनही कमी झाली. दाब उतरताच प्रवाहही उतरतो, आणि गुणाकारात दोन्हींची घट येते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे गणित तारेचे आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी चहासाठी दूरच्या खोलीतून वीज ओढली जाते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला सुमारे १.८ ओहम असतो. अंतर ५० मीटर असले तरी प्रवाहास जाऊन परत यावे लागते, म्हणून तार १०० मीटरच धरावी. एका शेगडीसाठी एकूण रोध ५४.८ ओहम, प्रवाह ४.२ अँपिअर. तारेत खर्ची पडणारा दाब साडेसात व्होल्ट आणि तेथे निर्माण होणारी उष्णता सुमारे ३२ वॅट. शेजारी तशीच दुसरी शेगडी जोडली की दोहोंचा मिळून रोध निम्मा, म्हणजे २६.५ ओहम होतो; प्रवाह ८.१ अँपिअरवर जातो आणि तारेतील उष्णता सुमारे ११८ वॅट! भार दुप्पट, उष्णता जवळजवळ चौपट. कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उरलेली तार वेटोळे करून सतरंजीखाली सारलेली असेल, तर ही उष्णता बाहेर पडत नाही, आवरण वितळते आणि आग लागते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा मनुष्य या आगीचा एकमेव पहारेकरी काढून टाकीत असतो.

याच वर्गाच्या नियमामुळे दूर अंतरावर वीज मोठ्या दाबाने नेतात. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून मुंबईस वीज आली, ती सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने. दाब मोठा, म्हणून तीच शक्ती पोचविण्यास प्रवाह थोडा लागतो आणि वाटेतील नुकसान कमी होते. गावाजवळचे रोहित्र, ज्यास लोक डीपी म्हणतात, तो दाब शेवटी घरगुती वापरापुरता उतरविते.

प्रयोग मात्र घरच्या विजेवर कदापि करू नयेत. ओल्या कातडीमुळे शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका, ०.०३ अँपिअर प्रवाह गळू लागताच वीज तोडणारी सुरक्षा-कळ घरांत बसवितात, यावरून धोका ध्यानी यावा. हे गणित फळ्यावर सोडवून घेतले असता वेगळी ताकीद देण्याची गरज फारशी उरत नाही.

वर्गात विजेरीचे दोन घट, तीन व्होल्टचा लहान दिवा आणि एक मल्टिमीटर पुरे. प्रवाह मोजताना मापक मंडलातच एकसरीत जोडावा, दाब मोजताना दिव्याच्या दोन टोकांस समांतर जोडावा. प्रवाहमापक घटाच्या दोन टोकांस थेट लावू नये. त्याचा रोध अत्यल्प असल्याने आतील फ्यूज जळतो. प्रवाह ०.३ अँपिअर आला, तर रोध १० ओहम आणि शक्ती ०.९ वॅट.

मग दिवा सोडवून त्याच मल्टिमीटरने थंड स्थितीत त्याचा रोध मोजावा. तो १० ओहमहून पुष्कळच कमी भरेल आणि एखादा चौकस मुलगा वा मुलगी सूत्रच चुकले म्हणेल. उत्तर लगेच देऊ नये. पेटलेली तार तापून लाल-पिवळी झालेली असते आणि तापल्याने धातूचा रोध वाढतो, हे त्यांनाच शोधू द्यावे. त्यासाठी दुसरी तासिका गेली तरी चालेल.