पोटरीतला गोळा

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी येथे राज्य स्थापन केले. पुढे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि औषधांच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल उभारला. या नगराभोवती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीची गावे पसरलेली आहेत. तेथील कष्टकऱ्यांच्या एका नेहमीच्या दुखण्याचा विचार आपण या पाठात करू.

मेट्टूर धरणात पुरेसे पाणी असेल, तर ते साधारणपणे १२ जूनला सोडतात आणि ‘कुरुवै’ हंगामाच्या लावणीला वेग येतो. ऊन प्रखर असते, हवा दमट असते. स्त्रिया चिखलात कमरेतून वाकून तासन्‌तास रोपे लावतात. हे श्रम कोणत्याही व्यायामाहून कमी नाहीत. अशा वेळी पोटरीत एकाएकी गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि पाय टेकवत नाही. यालाच पेटका म्हणतात.

पेटका का येतो? स्नायूने आखडावे की सैल व्हावे, हे मज्जातंतूंकडून येणाऱ्या संदेशांवर ठरते. स्नायू फार थकला की या संदेशांचा तोल बिघडतो. स्नायू आखडतो, पण सैल होत नाही. घामावाटे पाणी व मीठ निघून जाणे, हे उष्ण हवेतील दुसरे कारण. १९२० च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणींत असे दिसून आले, की घामाघूम झालेल्या कामगारांना भरपूर पाणी पिऊनही पेटके येत. पाण्यात थोडे मीठ घातल्यावर ते कमी झाले. कावेरीकाठी शेतावर नेले जाणारे मीठ घातलेले पातळ ताक आणि पाण्यात भिजवलेला शिळा भात यांचे मोल यावरून कळते.

पेटका आल्यास काम थांबवावे व सावलीत बसावे. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हळूहळू आपल्याकडे ओढावीत. पोटरी हलक्या हाताने चोळावी. मीठ घातलेले ताक किंवा पेज घोटघोट घ्यावी. रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मात्र अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओतून, वारा घालून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मजुरी बुडेल या भीतीने अनेकजणी वेदना गिळून पुन्हा वाकतात. पाहणारे त्याला नाजूकपणा म्हणतात. वस्तुतः पेटका ही शरीराने वेळीच दिलेली सूचना असते. सावली, पाणी आणि थोडी विश्रांती ही कष्टकऱ्यावरील मेहेरबानी नव्हे. ती कामाचीच गरज आहे.

पाठगत प्रश्न
१. भरपूर पाणी पिऊनही खाणकामगारांना पेटके का येत असावेत?
२. पोटरीत गोळा आल्यास कोणते उपाय करावेत?
३. तुमच्या परिसरातील कष्टाच्या एखाद्या कामाचे निरीक्षण करा. तेथे सावली व पाण्याची कोणती सोय आहे, ते पाच ओळींत लिहा.