जिल्हा एकच, मग जत आणि वाळवा वेगळे का?

प्रश्न : काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, यावर पुष्कळ वाचायला मिळतं. मला आधी घरचं कोडं सोडवून हवंय. माझं माहेर जत तालुक्यात, सासर वाळव्यात. जिल्हा एक, कलेक्टर एक. तरी माहेरी टँकर आणि सासरी ऊस. हे निव्वळ पावसामुळे का? आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी सगळीकडे फिरलं की हा फरक मिटेल का?
– एक वाचक, ता. वाळवा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या ‘निव्वळ’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. पाऊस कारण आहे, यात वाद नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक वरुणराजाला हात जोडतात. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि माण, खटाव, आटपाडी, जत पर्जन्यछायेत राहतात. पण तुमच्या सासरी तरी कुठे कोकणासारखा पाऊस पडतो? वाळव्याचा ऊस आभाळावर पिकत नाही, तो कृष्णा-वारणेवर पिकतो.

नदी काठाला आहे म्हणून पाणी आपोआप रानात चढत नाही. त्याला मोटार लागते, पाइपलाइन लागते, कर्ज लागतं, कर्जाला तारण लागतं. काठच्या गावांत ते जुळत गेलं. आधी पाणीपुरवठा संस्था, मग कारखाना, मग बँक, दूध संघ, कॉलेज आणि या सगळ्यांच्या जोरावर आमदारकी. आमदार झाला की पुढची योजना पुन्हा काठालाच. एकदा हे चक्र फिरायला लागलं की पाऊस किती पडतो हा प्रश्न मागे पडतो. देशांचंही असंच आहे. जपानच्या जमिनीत खनिज जवळपास नाही. काँगोच्या पोटात तांबं आणि कोबाल्ट भरलेलं आहे. तरी श्रीमंत कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. कशाचा वापर कोण ठरवतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आमच्याकडचं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे कोयना. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात १९६४ साली पुरं झालेलं हे धरण जवळपास १०५ टीएमसीचं. यातलं बरंचसं पाणी, सुमारे ६७ टीएमसी, सह्याद्री फोडून पश्चिमेला सोडतात, त्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, हेही खरंच. पण ज्यांची घरं धरणाखाली गेली त्यांची पुनर्वसनाची आंदोलनं साठ वर्षं उलटली तरी कोयनानगरला होत राहिली, आणि पूर्वेकडचा माणदेश कोरडाच राहिला.

आता थोडं सरासरीबद्दल. १९८३ साली वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्राचा मागासपणा मोजायला घेतला तो जिल्हा धरून. जिल्हा धरला की जतची तहान वाळव्याच्या हिरवळीत बुडून जाते. पुढे अनुशेषाचा निधी वाटताना सांगली-सातारा पडले ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे कागदोपत्री सुखवस्तूंत. विदर्भ-मराठवाड्याची तक्रार खोटी नव्हती. पण तिच्या हिशेबात दुष्काळी तालुक्यांच्या उपसा योजना मात्र रखडल्या. देशाचं दरडोई उत्पन्न वाचताना मला नेहमी जत आठवतं.

परिणाम तुम्ही माहेरी पाहिलेच असतील. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात भारतभर गेली. सोनं-चांदी गाळायचं त्यांचं दुकान दूरच्या कुठल्या बाजारपेठेतही सापडतं, आणि गावाकडच्या बंगल्याला दहा महिने कुलूप. ज्यांच्याकडे तेवढंही कसब किंवा भांडवल नव्हतं ते कोयता घेऊन निघाले. जतचा माणूस वाळव्याच्या फडात ऊस तोडतो, तेव्हा तुमचं माहेर आणि सासर एकाच रानात उभं असतं, एक बांधावर आणि एक सरीत. तोडीवाला स्वस्तात मिळतो कारण त्याच्या गावात पाणी नाही, हे बांधावरच्याला फारसं बोलावंसं वाटत नाही. सोयरिकीचं तर विचारूच नका. दुष्काळी गावात पोरगी देताना बाप दहा वेळा विचार करतो. तुम्ही उलट दिशेने आलात, म्हणून तुमचं लग्न लवकर जमलं असावं!

आणि राग किती साचतो बघा. पाणी मिळत नाही म्हणून जतच्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्याच ठरावांचा दाखला देऊन २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी चाळीस गावांवर दावा सांगितला. मुंबईला जतचा नकाशा तेव्हा उघडावा लागला.

पाणी फिरलं की फरक मिटेल का? तालुक्यातालुक्यांतला कमी होईल, होतोही आहे. म्हैसाळचं पाणी आलं त्या शिवारांत द्राक्षबागा आणि ऊस दिसू लागलेत. पंपाचं वीजबिल थकलं की ते पाणीही थांबतं, हा भाग वेगळा. पण कालव्याचं पाणी सातबारा बघून येतं. वीस एकरवाल्याला वीस एकरांचं, अर्ध्या एकरवाल्याला अर्ध्याचं आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याला हंडाभर. तालुक्यांतली दरी बुजताना गावातली रुंदावते, ती अशी.

यावरचा तोडगाही याच मातीत निघाला होता. १९८०च्या दशकात येरळा नदीवर, खानापूर तालुक्यातल्या तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळ पाठीशी होती. पैसा उभा केला नदीतली वाळू विकून, आणि पाणी वाटायचं ठरवलं ते जमिनीवर नाही, माणसांवर. भूमिहीनालाही वाटा, त्याने तो वापरावा नाहीतर खंडाने घेतलेल्या रानात जिरवावा. रोजगार हमीची कल्पनाही तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची, जी पुढे राज्याचा कायदा झाली. माहेरी जाताना वाट थोडी वाकडी करून बलवडीला जा. बळीराजा धरण छोटं आहे, चुकून पुढे निघून जाल, तेव्हा पुलाजवळ कुणालातरी विचारा.