वाळूत बाजरी पिकते कशी?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही जोधपूरहून जैसलमेरला मोटारीने गेलो. वाटेत बाजरी काढलेली शेते आणि कडब्याचे ढीग दिसले. उतरून पाहिले, तर जमीन म्हणजे निव्वळ पिवळसर वाळू. मुठीत धरली की बोटांतून गळून जाते. आमच्या काळ्या रानात पावसाने तीन आठवडे ओढ दिली की पीक माना टाकते. मग पाणी न धरणाऱ्या या वाळूत, एवढ्याशा पावसावर पीक येतेच कसे? आणि हिला माती म्हणायचे की वाळू?
— एक वाचक, अकोला

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. माती आणि वाळू या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे आपण धरून चालतो. पण माती म्हणजे लहानमोठ्या कणांचे मिश्रण. दोन मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंतचे कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक तो पोयटा आणि ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक कण म्हणजे चिकणमाती. तुमच्या काळ्या रानात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त चिकणमाती असते. थरच्या वाळवंटातल्या जमिनीत बहुतेक ठिकाणी ८५-९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग वाळूचा असतो. म्हणजे ती मातीच आहे, फक्त वाळूचा वाटा फार मोठा असलेली. चिकटवणारा बारीक कण नाही, म्हणून ढेकूळ बनत नाही आणि मुठीतून ती गळते.

आता मुख्य कोडे. वाळू पाणी कमी धरते, हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. शंभर घनसेंटिमीटर वाळू साधारण दहा मिलिलिटर पाणी धरते. भारी काळी माती पस्तीस-चाळीस मिलिलिटर धरू शकते. यावरून काळी जमीन नेहमीच वरचढ, असा निष्कर्ष आपण काढतो. चूक होते ती इथे. जमीन किती पाणी धरते याच्याइतकेच ते किती खोल धरते हेही महत्त्वाचे असते.

समजा, दोन्ही जमिनी कोरड्या आहेत आणि दहा मिलिमीटर पाऊस पडला. काळी माती ते पाणी वरच्या अडीच-तीन सेंटिमीटरमध्येच शोषून घेईल. वाळूला तेवढे पाणी पोटात घ्यायला दहा सेंटिमीटर खोली लागेल. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले आणि वरचा तीन सेंटिमीटरचा थर वाळला, तर काळ्या मातीतला जवळजवळ सगळा पाऊस उडून गेला. वाळूतला मात्र दोन तृतीयांश अजून खाली शिल्लक आहे.

शिवाय, वरची वाळू एकदा वाळली की तीच खालच्या ओलीचे पांघरूण होते. वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असतात. वरचा थर कोरडा झाला की खालचे पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढू शकत नाही. तुमच्याकडे रब्बी ज्वारीत कोळपे फिरवून भेगा बुजवतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर करतात, तो याच कारणासाठी. वाळूत हे काम आपोआप होते. काळ्या जमिनीत उलट भेगा पडतात आणि आतली ओल त्या वाटेनेही निघून जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे चिकणमाती धरलेल्या पाण्यातला बराच भाग इतका घट्ट पकडून ठेवते, की मुळांना तो ओढताच येत नाही. जमीन हाताला ओलसर लागते आणि पीक मात्र सुकते. वाळूचे पाणी थोडे खरे, पण त्यातले बहुतेक मुळांच्या हाती लागते.

इस्रायली परिसरशास्त्रज्ञ नोय-मेइर यांनी १९७३ मध्ये हा विचार नेमकेपणाने मांडला : जिथे पाऊस अगदी कमी, तिथे वाळूची जमीन झाडोऱ्याला चिकणमातीपेक्षा जास्त साथ देते; पाऊस वाढला की पारडे फिरते. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, अकोल्याला त्याच्या सुमारे चौपट. म्हणून तुमच्याकडे काळी जमीन चांगली आणि तिकडे वाळू चांगली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

मरुभूमीतल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अनुपम मिश्र यांच्या १९९५ मधल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात तिथल्या पाण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : पावसाचे थेट साठणारे ते पालर, खोल भूजलाचे ते पाताल आणि या दोहोंमधले रेजाणी. काही भागांत वाळूखाली खडियाची, म्हणजे जिप्समची पट्टी असते. मुरलेले पाणी तिच्यावर अडते आणि वाळूत ओल होऊन राहते. तिथे अरुंद तोंडाची कुई खणली की ती ओल झिरपून थेंबाथेंबाने तळाशी जमते. दिवसाकाठी दोन-तीन घडेच, पण पाणी गोडे. खालचे पाताल पाणी बऱ्याच ठिकाणी खारे असताना या घड्यांचे मोल किती, हे सांगायला नको.

मग या जमिनीत पिकवायचे काय? लवकर तयार होणारी आणि मुळे भराभर खाली सोडणारी पिके : बाजरी, गवार, मूग, तीळ आणि मटकी. मटकीचे वेल जमिनीवर पसरतात, त्यामुळे वाळू सावलीत राहते आणि वाऱ्यावर उडतही नाही. देशातली बहुतेक मटकी राजस्थानातच होते. तेव्हा आपल्या मिसळीतली उसळ पुष्कळदा याच वाळूतून आलेली असते. जिथे विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी आहे, तिथे जिरे, इसबगोल आणि भुईमूगही घेतात. भुईमुगाच्या आऱ्या मऊ जमिनीत सहज शिरतात आणि काढणीच्या वेळी शेंगा तुटून आत राहत नाहीत.

या जमिनीची उणीव पाण्याहून अधिक खताची आहे. सेंद्रिय अंश नगण्य, नत्र कमी; आणि घातलेले खत जोरदार पाण्याबरोबर खाली वाहून जाते. शेणखत आणि थोडे थोडे विभागून दिलेले खत हाच त्यावर इलाज. शेतकऱ्याची जुनी सोबतीण म्हणजे खेजडी, आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. तिची मुळे खूप खोल जातात, हवेतला नत्र जमिनीत आणतात, आणि तिच्या पाल्याचे खत होते. म्हणून तिकडे भर शेतात खेजड्या राखतात आणि त्यांच्याभोवती बाजरी पेरतात.

दुसरी अडचण वाऱ्याची. जोधपूरला १९५२ मध्ये वाळवंटी वनीकरणाचे केंद्र सुरू झाले. तीच संस्था १९५९ पासून ‘काझरी’, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणून ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी सरकत्या टेकड्या थांबवण्याची पद्धत बसवली : वाऱ्याला आडव्या अशा झुडपांच्या फांद्यांच्या ओळी रोवायच्या आणि त्यांच्या आडोशाला सेवण गवत व झाडे लावायची. गवत उपटून, फोगाची झुडपे तोडून खोल नांगरट केली, की तीच वाळू पुन्हा उडू लागते.

आता तीन गैरसमज. पहिला, वाळवंटाची वाळू खारट असते. सांभर किंवा पचपद्रासारख्या सखल जागी मीठ साठते हे खरे. पण टेकड्यांच्या वाळूत निचरा उत्तम असल्याने मीठ सहसा टिकत नाही.

दुसरा, कालवा आणला की प्रश्न मिटला. आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि पंजाबातल्या हरिकेहून आलेल्या पाण्याने लाखो माणसांचे जीवन बदलले. पण जिथे वाळूखाली कठीण थर होता, तिथे जादा पाणी अडून वर आले, शेते दलदलीची झाली आणि मीठ फुटले. गंगानगर-हनुमानगढकडे याला ‘सेम’ म्हणतात. पाणी अडवणारा थर कुईला जीवन देतो आणि पाटाच्या बेसुमार पाण्याने तोच शेत बुडवतो. म्हणून या जमिनीला पाणी ठिबकने किंवा तुषार सिंचनाने, बेताने द्यावे लागते.

तिसरा, एवढी वाळू आहे तर बांधकामाला का नेत नाहीत? वाऱ्याने निवडलेली ही वाळू फार बारीक आणि जवळपास एकाच आकाराची असते. चांगल्या काँक्रीटला लहानमोठे, एकमेकांत बसणारे कण लागतात.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन काचेच्या ग्लासांपैकी एकात वाळवून बारीक केलेली काळी माती आणि दुसऱ्यात चाळलेली कोरडी वाळू भरा. दोन्हींत चार-चार चमचे पाणी हळूहळू घाला. ओल कुठवर उतरली ते काचेतूनच दिसेल. मग दोन दिवस ग्लास उन्हात ठेवा आणि वरची वाळू बोटाने बाजूला सारा. खाली जो गारवा लागेल, त्याच्यावरच ती बाजरी उभी होती.